यंत्राची डिस्क भरली, पुसायचे काय?

सीटी स्कॅनच्या टेबलावर रुग्ण झोपलेला असतो, दाराबाहेर नातेवाईक ताटकळत असतात आणि तंत्रज्ञासमोरच्या पडद्यावर नेमकी तेव्हाच चौकट उमटते : डिस्कमध्ये पुरेशी जागा नाही. मग जुन्या रुग्णांची यादी उघडली जाते, तळाची वीस-पंचवीस नावे निवडली जातात आणि डिलीटचे बटण दाबले जाते. दोन मिनिटांत जागा होते, स्कॅन पार पडतो, पुढचा रुग्ण आत येतो. कोणती नावे गेली, हे संध्याकाळी कोणालाच सांगता येत नाही.

यात कोणाचा दुष्ट हेतू नसतो. रुग्णाला थांबवून ठेवणे हा त्या क्षणी खरोखरच मोठा धोका असतो. पण तपासणीच्या यंत्राला जोडलेला संगणक कधी, कोणी आणि कशाच्या आधारावर साफ करायचा, हा प्रश्न अनेक ठिकाणी विचारलाच जात नाही. बीडसारख्या जिल्ह्यात तर हा प्रश्न निव्वळ तांत्रिक राहत नाही. इथे सोनोग्राफीच्या एका जुन्या चित्रावर न्यायालयातला पुरावा अवलंबून असू शकतो आणि एखाद्या बाईची ‘पिशवी’ काढण्याची खरोखर गरज होती का, याचे उत्तरही.

आधी यंत्राकडे पाहू. सीटी, एमआरआय, डिजिटल एक्स-रे किंवा सोनोग्राफी, यांतल्या प्रत्येक यंत्राच्या पोटात किंवा शेजारी एक संगणक असतो. पुष्कळ ठिकाणी तो आपल्या घरातल्या संगणकासारखाच, विंडोजवर चालणारा असतो. फरक एवढाच, की त्याच्यावर साठणारी चित्रे साधी छायाचित्रे नसतात. ती ‘डायकॉम’ नावाच्या ठरावीक पद्धतीने साठवली जातात. १९९३पासून या नावाने प्रचलित असलेली ही पद्धत जगभरातले यंत्र-उत्पादक पाळतात. त्यामुळे एका कंपनीच्या यंत्रावर काढलेले चित्र दुसऱ्या कंपनीच्या संगणकावर उघडते. प्रत्येक चित्रासोबत रुग्णाचे नाव, वय, तारीख, यंत्राची मांडणी, मोजमापाचे प्रमाण ही माहितीही त्याच फाइलमध्ये शिवलेली असते.

ही चित्रे किती जागा घेतात, हे हिशेब करून पाहण्यासारखे आहे. सीटी स्कॅनमधला एक काप म्हणजे ५१२ गुणिले ५१२ ठिपके. प्रत्येक ठिपक्याला दोन बाइट, म्हणजे एक काप साधारण अर्ध्या एमबीचा. छातीचे एक-एक मिलिमीटरचे काप घेतले तर तीन-साडेतीनशे काप सहज होतात. तेच काप फुफ्फुसासाठी वेगळे, हाडांसाठी वेगळे असे दोन-तीन प्रकारे तयार केले की एका रुग्णाचे पाचशे एमबी झाले. डिजिटल एक्स-रेचे एक चित्र दहा एमबीच्या आसपास जाते. एमआरआयचे नाव मोठे, यंत्राची किंमत मोठी, पण त्याची चित्रे मात्र तुलनेने लहान असतात. २५६ गुणिले २५६ ठिपक्यांचे एक चित्र सव्वाशे केबीतच बसते. सोनोग्राफीचे स्थिर चित्र एक ते अडीच एमबीचे. त्यात हलती चित्रफीत साठवली तरच जागा झपाट्याने खाल्ली जाते.

लंडनच्या अ‍ॅटकिन्सन मॉर्ली रुग्णालयात १ ऑक्टोबर १९७१ रोजी पहिल्या रुग्णाच्या मेंदूचा सीटी स्कॅन झाला, तेव्हा चित्र अवघ्या ८० गुणिले ८० ठिपक्यांचे होते. आजच्या एका कापात त्याच्या चाळीसपट ठिपके असतात, आणि काप शेकड्यांनी. म्हणजे डिस्क भरणे ही यंत्राची बिघाडी नव्हे. यंत्र नीट काम करत असल्याची ती खूण आहे. रोज तीस सीटी होणाऱ्या केंद्रात, प्रत्येकी अडीचशे एमबी धरले तरी, वर्षाच्या तीनशे दिवसांत सव्वादोन टीबी साठतात. ते कुठे तरी हलवावेच लागतात.

न हलवल्यास काय होते? हार्ड डिस्क जवळजवळ भरली की नव्या फाइलला सलग मोकळी जागा मिळत नाही. तिचे तुकडे डिस्कवर इकडेतिकडे लिहिले जातात आणि वाचताना सुई तेवढीच नाचते. नव्या, सुई नसलेल्या डिस्कनाही लिहिण्यासाठी मोकळी जागा लागतेच, नाहीतर त्याही मंदावतात. शिवाय संगणकाची तात्पुरती स्मृती अपुरी पडली की तो डिस्कचाच एक कोपरा उसना घेतो. तो कोपराच शिल्लक नसेल तर सारे काही गोठल्यासारखे होते. म्हणूनच एकूण जागेच्या १५ ते २० टक्के भाग मोकळा ठेवण्याचा सल्ला सर्वसाधारणपणे दिला जातो. सीटीच्या बाबतीत आणखी एक गोष्ट असते. चित्र तयार होण्याआधीचा कच्चा डेटा तात्पुरता साठवला जातो आणि तो चित्रांपेक्षाही मोठा असतो. बहुतेक यंत्रे काही दिवसांनी तो आपणहून पुसतात. पण त्यासाठीच जागा नसेल तर स्कॅन सुरू होण्यापूर्वीच अडतो.

मात्र यंत्र मंद झाले की दोष जुन्या चित्रांवरच ढकलण्याची सवय बरोबर नाही. अनेकदा कारण भलतेच असते. पंख्यात साचलेली धूळ, चाळिशी ओलांडणारा उन्हाळा आणि बंद पडलेला एसी यांमुळे प्रोसेसर तापतो आणि स्वतःच वेग कमी करतो. लिहिणे चालू असताना वीज गेली की फाइल अर्धवट राहते आणि चित्रांची नोंदवही बिघडते. डिस्क म्हातारी झाली असेल तर ती एकेक जागा पुन्हा पुन्हा वाचून पाहते. अशा डिस्कवरून हजार रुग्णांची चित्रे पुसल्याने वेग वाढत नाही. चित्रे तेवढी जातात, आणि महिन्याभराने डिस्कही जाते.

मग खरा कचरा कोणता? तो भरपूर असतो आणि बहुधा रुग्णांच्या यादीत नसतो. रुग्णाला सीडी करून देताना संगणक आधी सगळ्या चित्रांची एक प्रत तात्पुरत्या फोल्डरमध्ये बनवतो. सीडी निघाली तरी ती प्रत तिथेच पडून राहू शकते. फिल्म छापण्याच्या रांगेत अडकलेली कामे, सर्व्हरकडे पाठवताना मध्येच फसलेल्या आणि पुन्हा पुन्हा प्रयत्न करत राहिलेल्या पाठवण्या, विंडोजच्या जुन्या अद्ययावतीकरणाच्या फाइल, एकाच तपासणीच्या चुकून झालेल्या दोन-तीन प्रती हा सगळा कचराच. यंत्राची रोजची चाचणी घेताना ‘टेस्ट’ नावाने काढलेली चित्रेही, चाचणीचा अहवाल नोंदवून ठेवला असेल तर, जाऊ शकतात. आणि हो, रात्रपाळीच्या करमणुकीसाठी पेन ड्राइव्हवरून आलेले सिनेमे, कोणाच्या तरी लग्नाचा व्हिडिओ हेही त्यात आले. त्यांच्यासोबत आलेला व्हायरस हा वेगळा विषय.

इथे दोन संगणकांतला भेद लक्षात ठेवावा लागतो. एक, यंत्र चालवणारा संगणक. दुसरा, शेजारच्या टेबलावरचा, ज्यावर अहवाल टाइप होतो. दुसऱ्यावर विंडोजचे स्वतःचे ‘डिस्क क्लीनअप’ चालवायला हरकत नाही. पण त्यातही एक खाच आहे. विंडोज १०च्या काही आवृत्त्यांत त्या यादीत ‘डाउनलोड्स’ हे फोल्डरही येते. बाहेरगावच्या डॉक्टरांनी ईमेलवर पाठवलेली किंवा लिंकवरून उतरवलेली स्कॅनची फाइल नेमकी तिथेच पडलेली असते. खूण न पाहता ‘ओके’ दाबले की तीही जाते.

यंत्र चालवणाऱ्या संगणकावर मात्र बाजारातली ‘संगणक वेगवान करा’ छापाची सॉफ्टवेअर चालवू नयेत आणि हाताने फोल्डर उघडून फाइल पुसू नयेत. कारण चित्रे एका ठिकाणी असतात आणि कोणाचे चित्र कुठे आहे याची नोंदवही दुसऱ्या ठिकाणी. फोल्डरमधून चित्र पुसले तर नोंदवहीत रुग्णाचे नाव तसेच राहते. क्लिक केले की आत काहीच नसते. उलट नोंदवही बिघडली तर चित्रे डिस्कवर जागा अडवून बसतात, पण कोणालाच दिसत नाहीत. ग्रंथालयातली पुस्तके काढून नेली आणि सूचीतली कार्डे तशीच ठेवली, किंवा कार्डे जाळली आणि पुस्तके तशीच ठेवली, असा तो प्रकार. पुसायचे ते यंत्राच्या स्वतःच्या प्रणालीतून, आणि प्रणालीच्या फाइलना हात लावायचा तो देखभाल करार असलेल्या अभियंत्यानेच.

इतके झाले तरी मूळ प्रश्न उरतोच. कचरा काढूनही जागा पुरत नाही, तेव्हा रुग्णांची चित्रे काढावी लागतात. कोणती?

यंत्राच्या संगणकाला याचे उत्तर माहीत नसते. त्याला फक्त तारीख कळते. सर्वांत जुने ते सर्वांत निरुपयोगी, हा त्याचा नियम. अनेक यंत्रांत ‘जागा कमी झाली की जुने आपोआप पुसा’ अशी सोय असते आणि यंत्र बसवताना ती चालू करून अभियंता निघून जातो. केंद्राच्या मालकालाही ती चालू असल्याचे ठाऊक नसते.

बीड जिल्ह्यात सोनोग्राफीच्या नोंदीला काय वजन आहे, हे वेगळे सांगायला नको. २००१च्या जनगणनेत जिल्ह्यात शून्य ते सहा वर्षे वयोगटात हजार मुलांमागे ८९४ मुली होत्या. २०११मध्ये त्या ८०७वर आल्या. राज्यातला तो नीचांक होता. मे २०१२मध्ये परळीतल्या एका खासगी रुग्णालयात गर्भपातादरम्यान एका महिलेचा मृत्यू झाला आणि जिल्ह्याचे नाव देशभर गेले. त्या प्रकरणात डॉ. सुदाम मुंडे आणि डॉ. सरस्वती मुंडे या दाम्पत्याला १० वर्षांची शिक्षा झाली ती फेब्रुवारी २०१९मध्ये. घटना आणि निकाल यांत पावणेसात वर्षे गेली.

गर्भलिंग निदान प्रतिबंधाचा १९९४चा कायदा आणि त्याखालचे नियम नोंदींबाबत कमालीचे नेमके आहेत, आणि ते याच कारणासाठी. गर्भवतीच्या प्रत्येक सोनोग्राफीचा ‘एफ’ नमुन्यातला अर्ज भरावा लागतो. महिन्याचा अहवाल पुढच्या महिन्याच्या पाच तारखेपर्यंत समुचित प्राधिकाऱ्याकडे द्यावा लागतो. नियम ९ मध्ये अर्ज आणि संमतिपत्रांबरोबर सोनोग्राफीच्या चित्रांचाही स्पष्ट उल्लेख आहे. हे सारे दोन वर्षे जपायचे. न्यायालयीन कार्यवाही सुरू झाली असेल तर तिचा अंतिम निकाल लागेपर्यंत जपायचे, मग त्याला सात वर्षे लागोत की पंधरा. याच नियमात आणखी एक तरतूद आहे, जी फारशी कोणाच्या लक्षात नसते. नोंदी संगणकावर ठेवल्या असतील तर त्यांची छापील प्रत काढून, जबाबदार व्यक्तीने ती साक्षांकित करून जपली पाहिजे. म्हणजे ‘डिस्क उडाली, आम्ही काय करणार’ ही सबब कायद्याने आधीच गृहीत धरून बाद केली आहे.

नोंदीतली त्रुटी ही निव्वळ कारकुनी चूक मानावी, असा डॉक्टरांच्या संघटनेचा आग्रह होता. तो सर्वोच्च न्यायालयाने ३ मे २०१९च्या निकालात फेटाळला. नोंद हाच या कायद्याचा कणा आहे, अशी त्यामागची भूमिका. त्याआधी कोल्हापूरला २०१०मध्ये जिल्हाधिकारी लक्ष्मीकांत देशमुख यांच्या पुढाकाराने सोनोग्राफी यंत्रांना ‘सायलेंट ऑब्झर्व्हर’ जोडले गेले. यंत्रावर होणारी तपासणी स्वतंत्रपणे साठवणारे हे उपकरण. रेडिओलॉजिस्टांच्या संघटनेने त्याला आव्हान दिले. मुंबई उच्च न्यायालयाने २०११मध्ये उपकरण वैध ठरवले. यंत्रावरची फाइल यंत्र चालवणाऱ्याच्याच हातात असते, आणि तेवढ्यावर विसंबून चालत नाही, हे त्या उपकरणामागचे साधे गृहीतक होते.

प्रामाणिकपणे काम करणाऱ्या केंद्रांनाही यातून धडा घ्यावा लागतो. पथक तपासणीला आले आणि मागच्या सहा महिन्यांतली चित्रे यंत्रावर नसतील, तर ‘जागा कमी होती म्हणून काढली’ हे स्पष्टीकरण खरे असले तरी ते ऐकणाऱ्याने का मानावे? बीडमध्ये तर मुळीच मानले जाणार नाही.

पण कायद्याच्या चौकटीबाहेरचा एक मोठा भाग आहे. ‘एफ’ नमुना गर्भवतीसाठी. ज्या बाईला पोटात दुखते, अंगावरून जाते म्हणून सोनोग्राफी होते, तिच्या चित्राला हा कायदा लागू नाही. भारतीय वैद्यक परिषदेचे २००२चे विनियम तीन वर्षे नोंदी ठेवायला सांगतात, तेही दाखल झालेल्या रुग्णांच्या. आणि बीडमध्ये नेमका याच बायकांचा प्रश्न २०१९मध्ये चव्हाट्यावर आला.

दिवाळीच्या आगेमागे जिल्ह्यातून लाखो ऊसतोड मजूर पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात. मुकादमाकडून उचल नवरा-बायकोच्या जोडीवर मिळते. त्या जोडीलाच ‘कोयता’ म्हणतात. पाळीच्या त्रासाने खाडा झाला तर पैसे कापले जातात. त्यात ‘पिशवीला सूज आहे, पुढे कॅन्सर होईल’ असे सांगितले गेले, की कर्ज काढून शस्त्रक्रिया होते. बोभाटा झाल्यावर नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. ८२ हजारांहून अधिक ऊसतोड महिलांच्या पाहणीत १३ हजार ८००हून अधिक जणींची गर्भाशये काढलेली आढळली. म्हणजे दर सहा जणींमागे एक. त्यानंतर जिल्ह्यातल्या खासगी रुग्णालयांना अशा शस्त्रक्रियेआधी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी बंधनकारक झाली.

यांतल्या प्रत्येक शस्त्रक्रियेला अनावश्यक म्हणणे चूक ठरेल. गाठी असतात, रक्तस्राव थांबत नाही, कर्करोगाचा धोकाही असतो. एखादी विशिष्ट शस्त्रक्रिया गरजेची होती की नाही, हे मागाहून ठरवायचे असेल तर हाती काय लागते? गर्भाशय तर गेलेले असते. ऊतीचा नमुना तपासायला पाठवला असेल तर त्याचा अहवाल, आणि शस्त्रक्रियेआधीची सोनोग्राफी. सोनोग्राफीचा कागदी अहवाल हे एका डॉक्टरांचे मत असते. ‘गर्भाशय आकाराने मोठे’ असे त्यात लिहिलेले असेल, तर ते बरोबर की चूक हे कागदावरून कळत नाही. मूळ चित्र असेल तर कळते. डायकॉम फाइलमध्ये मोजमापाचे प्रमाण जतन केलेले असल्याने गर्भाशयाची लांबी, अस्तराची जाडी, गाठीचा व्यास दुसरा डॉक्टर पाच वर्षांनीही नव्याने मोजू शकतो. तिथे डॉक्टर निर्दोष असेल तर तेही त्याच चित्रातून सिद्ध होते.

हे चित्र किती जागा अडवते? पुन्हा हिशेब करू. दिवसाला चाळीस रुग्ण, प्रत्येकी दहा चित्रे, एका चित्राला दोन एमबी. दिवसाचे ८०० एमबी, तीनशे दिवसांचे २४० जीबी, तीन वर्षांचे ७२० जीबी. चित्रफिती वगळल्या तर एका गजबजलेल्या सोनोग्राफी केंद्राची तीन वर्षांची सगळी चित्रे एक टीबीच्या, तळहाताएवढ्या डिस्कमध्ये मावतात. तिची किंमत काही हजार रुपये. माहिती न गमावता दाबून बसवली तर साधारण निम्म्या जागेत. सीटी केंद्रापुढची जागेची अडचण खरी आहे, त्यांना सर्व्हर लागतो, खर्च लागतो. सोनोग्राफी केंद्राची अडचण तशी नाही. जिथे नोंदीला सर्वाधिक वजन, तिथेच तिची फाइल सर्वांत हलकी आहे. यंत्राच्या आतली डिस्क भरली असेल तर बाहेर दुसरी लावता येते. पुसण्याची सक्ती नाही.

पुसायचेच असेल, तर क्रम महत्त्वाचा. आधी प्रत, मग खात्री, मग डिलीट. चित्रे साठवणाऱ्या सर्व्हरला रुग्णालयांत ‘पॅक्स’ म्हणतात. यंत्राने चित्र ‘पाठवले’ म्हणजे ते तिथे पोहोचलेच असे नसते. डायकॉममध्ये यासाठी सोय आहे : सर्व्हर उलट निरोप देतो, की अमुक चित्रे मिळाली आणि त्यांची जबाबदारी आता माझी. हा निरोप आल्यावरच यंत्रावरची प्रत काढायची. ज्यांच्याकडे सर्व्हर नाही त्यांनी निदान दोन डिस्कवर प्रती ठेवाव्यात. त्यांतली एक दुसऱ्या इमारतीत असावी आणि एरवी संगणकाला जोडलेली नसावी. मे २०१७मध्ये ‘वॉनाक्राय’ने ब्रिटनमधल्या रुग्णालयांच्या फाइल कुलूपबंद केल्या, तेव्हा जोडलेल्या संगणकांमागून जोडलेले संगणक गेले. पाठवलेल्या चित्रांची संख्या आणि पोहोचलेल्या चित्रांची संख्या जुळवायची. त्यांतल्या दोन-चार तपासण्या वेगळ्याच संगणकावर उघडून पाहायच्या. ज्यांच्यावर न्यायालयीन किंवा पोलिसी कार्यवाही आहे, अपघात-मारहाणीची प्रकरणे आहेत, ती नावे वेगळी काढायची. शेवटी, कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंतची चित्रे कोणी, कोणाच्या सहीने काढली याची एका वहीत ओळ लिहायची. हे काम महिन्याच्या ठरलेल्या दिवशी, गर्दी नसताना करायचे. रुग्ण टेबलावर असताना नव्हे.

सगळे कायमचे साठवून ठेवणे हेही उत्तर नाही. ‘ग्रीनबोन’ या जर्मन कंपनीने इंटरनेटवर उघडे पडलेले वैद्यकीय चित्रांचे सर्व्हर शोधले, तेव्हा भारतातल्या यादीत महाराष्ट्र वरच्या स्थानी होता. पासवर्ड नसलेल्या सर्व्हरवर वीस वर्षांची चित्रे ठेवणे म्हणजे वीस वर्षांच्या रुग्णांची नावे आणि आजार चौकात टांगणे. मुदत संपलेली, उपचाराच्या दृष्टीने संदर्भ उरलेला नाही अशी चित्रे पुसायलाच हवीत. जुने यंत्र विकताना किंवा बदलून घेताना तर त्यातली डिस्क आधी पूर्ण मोकळी व्हायला हवी. साध्या डिलीटने फाइल खरोखर नष्ट होत नाही, ती परत काढता येते.

रुग्णाच्या बाजूने पाहिले, तर जिल्ह्याचा नकाशाच प्रत स्वतःजवळ ठेवा असे सांगतो. आष्टी-पाटोद्याचा माणूस अहिल्यानगरला जातो, गेवराईचा छत्रपती संभाजीनगरला, परळीचा अंबाजोगाईच्या वैद्यकीय महाविद्यालयात, तिथून लातूरला. प्रत्येक ठिकाणी जुनी तपासणी मागितली जाते आणि नसली की नव्याने केली जाते. सीटीच्या बाबतीत त्याचा अर्थ पुन्हा पैसे आणि पुन्हा किरणोत्सर्ग. ऊसतोडीच्या कुटुंबाची तर सहा महिने गावाशी गाठ नसते. फडाजवळच्या डॉक्टरांना बीडची सोनोग्राफी दिसावी कशी?

मोबाइलवर काढलेला फिल्मचा फोटो हा तात्पुरता उपाय आहे, बदली नव्हे. सीटीच्या मूळ फाइलमध्ये करड्या रंगाच्या ४०९६ छटा असतात, मोबाइलच्या फोटोत २५६. डॉक्टर मूळ फाइलमध्ये छटा खाली-वर करून हाड, मेंदू, रक्त वेगवेगळे पाहतात. फोटोत ते जमत नाही. त्यामुळे तपासणी झाली त्याच दिवशी सीडी, पेन ड्राइव्ह किंवा लिंक मागावी. लिंकची मुदत बहुधा मर्यादित असते, म्हणून ती उघडून फाइल उतरवून घ्यावी. दाखल झालेला रुग्ण किंवा त्याने नेमलेला नातेवाईक नोंदी मागू शकतो आणि मागणी केल्यापासून ७२ तासांत त्या द्याव्यात, असे २००२चे विनियम सांगतात. अर्ज लेखी द्यावा आणि पोच घ्यावी.

सोनोग्राफीसोबत मिळणारी गुळगुळीत कागदावरची काळी चित्रे बहुधा उष्णतेने छापलेली असतात. पत्र्याच्या पेटीत, पत्र्याच्या छपराखाली दोन उन्हाळे काढले की ती काळवंडतात किंवा फिकी पडतात. प्लास्टिकच्या काही पिशव्यांनीही ती खराब होतात. त्यांची झेरॉक्स काढून कागदी पाकिटात ठेवली आणि पाकिटावर तारीख, केंद्राचे नाव व तपासणीचा क्रमांक लिहिला, तर मूळ चित्र केंद्राच्या डिस्कवर आहे की नाही, हे विचारायला निदान तो क्रमांक तरी हाताशी राहतो.